महाराष्ट्राच्या एकमेव महिला राज्यपाल कुणाला आठवतात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत जुन्या फोटोंचं एक पान होतं. त्यात संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहातला एक फोटो होता आणि खाली कॅप्शन होती, पं. नेहरू यांच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित. बस एवढंच. मी पान उलटून बघितलं, म्हटलं आत कुठे दोन ओळी तरी असतील, तर नाही. कॅप्शन चूक नाही, त्या नेहरूंच्या बहीण होत्याच, पण ज्या फोटोत त्या सगळ्या देशांच्या सभेच्या अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसल्यात त्या फोटोखाली सुद्धा त्यांची ओळख भावावरूनच सांगितली जाते हे मनाला लागलं, आणि म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेसाठी कापावं लागलं तर कापा, पण राज्यपालपदाचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

कारण त्या आपल्या राज्याच्या राज्यपाल होत्या हेच कुणाला माहीत नाही. मी शाळेत ३० वर्षं इतिहास शिकवला, अजूनही सोसायटीतली मुलं स्पर्धा परीक्षेचं काही विचारायला येतात, त्यांना मी मुद्दाम विचारते, महाराष्ट्राच्या महिला राज्यपाल कोण? मुलं प्रतिभाताई पाटील म्हणतात, त्या राजस्थानच्या होत्या. मग गप्प बसतात. १९६० ला राज्य झाल्यापासून महाराष्ट्राला वीसहून जास्त राज्यपाल मिळाले आणि त्यात बाई एकच, विजयालक्ष्मी पंडित, २८ नोव्हेंबर १९६२ ते ऑक्टोबर १९६४. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. साठ वर्षं उलटून गेली, आणि या गोष्टीची कुणाला खंत सोडा, माहिती सुद्धा नाही.

आणि त्या आल्या तो काळ तरी कसा होता बघा. चीनचं युद्ध नुकतंच थांबलेलं, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण जे म्हणतो ते याच दिवसांतलं. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि आधीचे राज्यपाल पी. सुब्बरायन ऑक्टोबरमध्ये वारलेले. म्हणजे राज्य अडीच वर्षांचं, मुख्यमंत्री नवा, सीमेवर हार झालेली, अशा वेळी मलबार हिलच्या राजभवनात मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन करून आलेली ६२ वर्षांची बाई येते. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तेव्हा दहा दिवसांचं होतं, राज्यपाल म्हणून त्याचं कुलपतीपद त्यांच्याकडे आलं. पुढच्या नोव्हेंबरात कन्नमवार गेले, मग वसंतराव नाईक आले, आणि ही सगळी स्थित्यंतरं त्यांच्याच कारकिर्दीत झाली. आपल्या राज्याच्या इतिहासात या दोन वर्षांवर कुणी दोन परिच्छेद तरी लिहावेत ना.

बरं, त्या आपल्याला परक्याही नव्हत्या. पंडित हे आडनाव काश्मिरी पंडितांमुळे आलं असं बऱ्याच लोकांना वाटतं, मलाही कॉलेजात असेपर्यंत तसंच वाटायचं. ते सासरचं आडनाव आहे. त्यांचे यजमान बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित, वडिलांची वकिली राजकोटला होती म्हणून वाढले तिकडे, पण घराणं मराठी, सारस्वत, मूळ गाव कोकणातलं बांबुळी. संस्कृतचे गाढे अभ्यासक होते, कल्हणाच्या राजतरंगिणीचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३५ मध्ये आला. मुद्राराक्षसाचाही अनुवाद त्यांनी केला. वकिलीत पैसा होता, तो सोडून हा माणूस असहकारात उतरला आणि शेवटी तुरुंगानेच त्याचा जीव घेतला, त्यावर पुढे येतेच.

नावाचंही असंच. माहेरचं नाव स्वरूपकुमारी, घरात सगळे नान म्हणायचे. १० मे १९२१ ला अलाहाबादला आनंदभवनात लग्न झालं, तेव्हा आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सासरच्यांनी नाव बदललं आणि त्या विजयालक्ष्मी झाल्या. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहायची आपली पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मला स्वतःला ही पद्धत कधीच पटली नाही, माझं नाव मी बदलू दिलं नाही, पण जगभरातल्या पेपरांनी पुढे जे नाव छापलं ते नाव एका मराठी घराने ठेवलेलं होतं एवढं तरी आपल्याला माहीत असावं. लग्नात नेसलेली साडी खादीची होती, सूत कस्तुरबांनी कातलेलं. आणि १० मे म्हणजे मीरतच्या उठावाची तारीख, त्यात लग्नाला काँग्रेसचे एवढे पुढारी जमलेले, तर अलाहाबादचे गोरे घाबरले की १८५७ सारखं काही तरी शिजतंय. तारीख पंचांगात बघून काढलेली होती.

शाळेत त्या कधी गेल्याच नाहीत. मोतीलालजींनी घरी इंग्रज गव्हर्नेस ठेवली होती, शिक्षण झालं ते घरात. डिग्री नाही. नंतर जगातल्या कितीतरी विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या ती गोष्ट वेगळी, पण स्वतःची म्हणावी अशी एकही परीक्षा पास न झालेली ही बाई १९३० च्या दशकात अलाहाबादच्या नगरपालिकेत निवडून गेली, तिथे शिक्षण समितीचं काम बघितलं, आणि १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर कानपूर जिल्ह्यातल्या बिल्हौरमधून निवडून येऊन गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाली. खातं कोणतं, तर स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य. म्हणजे गटारं, पाणी, पटकी, देवी, नगरपालिकांची भांडणं. भारतात कॅबिनेट मंत्री झालेली पहिली बाई. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या सगळ्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले तेव्हा त्यांनीही दिला.

तुरुंगात तीनदा गेल्या. पहिल्यांदा १९३२ मध्ये, तेव्हा धाकटी मुलगी रीता तीनच वर्षांची होती. मग वैयक्तिक सत्याग्रहात, आणि तिसऱ्यांदा ऑगस्ट १९४२ मध्ये, त्या वेळी मध्यरात्री पोलीस आनंदभवनात आले. नैनीच्या तुरुंगात त्यांच्याबरोबर मोठी मुलगी चंद्रलेखा होती आणि भाची इंदिरा. ही आत्या भाची एकाच बराकीत होत्या हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तुरुंगात त्यांनी डायरी लिहिली, ती नंतर छापली गेली.

आता १९४४. हा भाग लिहिताना माझा हात जड होतो.

रणजित पंडितही तुरुंगात होते, बरेलीला. प्रकृती पार ढासळली तेव्हा सोडलं आणि १४ जानेवारी १९४४ ला, संक्रांतीच्या दिवशी, लखनौला ते गेले. बाई ४३ वर्षांच्या. दोन मोठ्या मुली शिकायला अमेरिकेला गेलेल्या, भाऊ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत, त्याला बहिणीला भेटायलाही येता येणार नाही. आणि वर इस्टेटीचा तंटा. मुलगा नाही, तिन्ही मुली, मृत्युपत्र केलेलं नाही, आणि त्या वेळच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबातल्या अशा विधवेची बाजू फारच कमकुवत, मुलींना तर हक्कच नव्हता. जी बाई मंत्री राहिलेली, अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष राहिलेली, जी बायकांच्या वारसाहक्कासाठी व्यासपीठावरून बोलत होती, तिच्या स्वतःच्या घरात हे झालं. अमेरिकेला जायच्या आधी त्या गांधीजींना भेटायला गेल्या तेव्हा गांधीजींनी काय विचारलं असेल, तर सासरच्या माणसांशी समेट केलास का. त्यांना ते आधी अजिबात पटलं नाही, आपल्यावरच अन्याय झालाय आणि आपणच का जायचं, पण शेवटी गेल्या, दिराशी बोलल्या, आणि त्याने मनावरचं ओझं उतरलं असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

माझ्या आईच्या बाबतीत मी हेच बघितलंय हो, म्हणून मला हे नुसतं वाचून सोडता येत नाही. वडील गेले तेव्हा आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. तेरावं झालं नाही तोवर कागद आला, हक्कसोडपत्र, आईने सही केली कारण तिला कुणी सांगितलंच नाही की १९५६ च्या कायद्याने तिचा आणि आमचा वाटा आहे. कायदा होता, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशात तो २००५ मध्ये आला, तरी आजही तहसील कचेरीबाहेर हक्कसोडाच्या कागदावर सह्या करणाऱ्या बहिणी दिसतात. ज्या बाईने हे सगळं सोसून पुन्हा कंबर कसली तिची गोष्ट या बहिणींना सांगायला नको का?

तर १९४४ च्या शेवटी त्या लेक्चर टूरवर अमेरिकेला गेल्या आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवायची परिषद भरली. भारताचं अधिकृत शिष्टमंडळ होतं, सर रामस्वामी मुदलियार वगैरे, पण ते इंग्रज सरकारने नेमलेलं. विजयालक्ष्मीबाई तिथे कुठल्याही सरकारी पदाशिवाय गेल्या, निवेदन दिलं की ही माणसं भारताच्या जनतेची प्रतिनिधी नाहीत, पत्रकारांपुढे बोलल्या, सभा घेतल्या. आता ज्यांना वाटतं की त्यांचं सगळं भावामुळे झालं त्यांनी तारखा बघाव्यात. नेहरू सुटले १५ जून १९४५ ला. म्हणजे परिषद सुरू होऊन दीड महिना होऊन गेला तरी भाऊ तुरुंगातच होता, पंतप्रधानपद सोडा, तो पत्र सुद्धा मोकळेपणी लिहू शकत नव्हता. विधवा होऊन सव्वा वर्ष झालेली बाई परक्या देशात स्वतःच्या जिवावर उभी होती.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम १९४६ चं. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांवर जमिनीच्या मालकीचे आणि राहण्याच्या जागेचे निर्बंध घालणारा कायदा केला, तिथले भारतीय त्याला घेट्टो कायदाच म्हणायचे. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तेव्हा भारत स्वतंत्र सुद्धा नव्हता, हंगामी सरकार होतं. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मीबाई, बरोबर आपल्या मुंबईचे एम. सी. छागला, जे पुढच्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, आणि व्ही. के. कृष्ण मेनन वगैरे मंडळी. समोर कोण, तर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल स्मट्स. ज्या माणसाने दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना तुरुंगात टाकलं आणि ज्याला गांधीजींनी तुरुंगात स्वतः शिवलेल्या चपला भेट दिल्या तोच हा स्मट्स, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेच्या मसुद्यात त्याचाच मोठा हात. मानवी प्रतिष्ठेचे शब्द लिहिणारा माणूस स्वतःच्या देशात हे करत होता.

स्मट्स यांचं म्हणणं असं की हा आमचा घरचा मामला आहे, इथे चर्चाच होऊ शकत नाही, फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात जा. इंग्लंड त्यांच्या बाजूला. भारताचं म्हणणं की माणसाला रंगावरून वेगळं वागवणं हा कुणाचाच घरचा मामला असू शकत नाही. ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं, ३२ विरुद्ध १५, ७ तटस्थ. दोन तृतीयांश लागत होते. हिशोब करून बघा, ३२ आणि १५ मिळून ४७, त्याचे दोन तृतीयांश ३१ च्या थोडं वर, म्हणजे एक मत जरी इकडचं तिकडे गेलं असतं तरी ठराव पडला असता. वर्णद्वेषाचा प्रश्न जगाच्या चावडीवर आला तो हा असा, एका मताच्या अंतराने, आणि तो आणणाऱ्या शिष्टमंडळाची प्रमुख एक भारतीय बाई होती. मंडेला सुटले १९९० मध्ये, फेब्रुवारीत. विजयालक्ष्मीबाई गेल्या त्याच वर्षी १ डिसेंबरला. म्हणजे ते बघायला त्या होत्या. मला दर वेळी हे आठवलं की बरं वाटतं.

मतदानानंतर त्या स्मट्स यांच्याकडे चालत गेल्या आणि माझ्या बोलण्याने दुखावला असाल तर क्षमा करा असं म्हणाल्या. निघताना गांधीजींनी बजावलं होतं की कटुता नको. दिराकडे गेलेली तीच बाई.

राजदूतपदांचं मी थोडक्यात सांगते कारण ते कुठल्याही चरित्रकोशात मिळेल. १९४७ ला मॉस्को, स्वतंत्र भारताच्या तिथल्या पहिल्या राजदूत, पण स्टॅलिनने त्यांना शेवटपर्यंत भेट दिली नाही, त्यांच्यानंतर गेलेल्या राधाकृष्णन यांना दिली. १९४९ ला वॉशिंग्टन, बरोबर मेक्सिको. तिथे असतानाच भारतात धान्याची टंचाई झाली आणि अमेरिकेकडून २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज १९५१ मध्ये मंजूर झालं, त्या आधी तिथल्या काँग्रेसमध्ये महिनोन् महिने वाद चालला होता आणि भारताला चार शब्द सुनावून घ्यावे लागले होते. १९५४ ते १९६१ लंडनला उच्चायुक्त, म्हणजे सुएझचं प्रकरण झालं तेव्हा इंग्लंडमध्ये भारताची बाजू सांभाळायला त्याच होत्या.

आणि मध्ये तो तुमचा फोटो. १५ सप्टेंबर १९५३, आमसभेचं आठवं अधिवेशन, अध्यक्षपदासाठी समोर थायलंडचे प्रिन्स वान, मतं ३७ विरुद्ध २२. जगात पहिल्यांदा बाई त्या खुर्चीत बसली. कोरियाचं युद्ध दोनच महिन्यांपूर्वी थांबलेलं, युद्धकैद्यांचा प्रश्न पेटलेला, भारतीय सैन्य जनरल थोरातांच्या हाताखाली तिथे जाऊन मध्ये उभं राहिलेलं, आणि अमेरिकेला भारताचा तटस्थपणा अजिबात आवडत नव्हता. ८ डिसेंबरला आयझेनहॉवर आले आणि अणुशक्ती शांततेसाठी वापरायचं ते प्रसिद्ध भाषण केलं, त्याचे पहिले शब्द काय आहेत माहितीय? मॅडम प्रेसिडेंट. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या महायुद्धातला सेनापती, एका भारतीय बाईला अध्यक्ष महोदया म्हणून भाषणाला सुरुवात करतो. योगायोग असा की तारीख पुन्हा ८ डिसेंबर, स्मट्सवाल्या ठरावाला बरोबर सात वर्षं.

त्यांच्यानंतर दुसरी बाई त्या खुर्चीत बसायला १९६९ उजाडलं, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स. मग २००६ ला बहारीनच्या शेखा हया, २०१८ ला इक्वेडोरच्या एस्पिनोसा, २०२५ ला जर्मनीच्या बेअरबॉक. ८० अधिवेशनांत ५ बायका. सरचिटणीस तर एकही बाई झालेली नाही.

आता नेहरू आडनावाचा मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात तो आला असणार. भावामुळे दारं उघडली का? उघडली. १९४७ मध्ये मॉस्कोला कुणा दुसऱ्या घरातल्या बाईला पाठवलं असतं असं मला वाटत नाही, आणि परराष्ट्र खातं स्वतः पंतप्रधानांकडेच होतं त्यामुळे बहिणीला पदं दिली हा आक्षेप रास्त आहे. त्याच काळात परराष्ट्र सेवेत परीक्षा देऊन आलेल्या पहिल्या मुलीचं काय चाललं होतं ते बघा. सी. बी. मुथम्मा, १९४९ ला सेवेत आल्या, नियम असा की बाईने लग्न करायच्या आधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि लग्नानंतर संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला लावता येईल. पुरुषांना असलं काही नाही. पुढे बढती नाकारली म्हणून मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलंच झापलं. म्हणजे एकीकडे तीन मुलींची आई असलेली बाई भारताची राजदूत म्हणून जगभर मिरवायची आणि दुसरीकडे त्याच खात्यातल्या नोकरदार मुलींना लग्नाची परवानगी मागायला लावायची, हे एकाच वेळी चाललं होतं. विजयालक्ष्मीबाईंनी हा नियम बदलायला जोर लावला असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. त्यांची थोरवी सांगताना हे सुद्धा सांगायला हवं, मुलांना अर्धं चित्र देऊन उपयोग नाही.

पण आडनावाने दार उघडतं, आत गेल्यावर ३२ मतं गोळा करायला माणूस लागतो. आणि दुसरं, त्याच आडनावाच्या विरोधात उभं राहायची वेळ आली तेव्हा त्या राहिल्या.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. विजयालक्ष्मीबाईंनी मुंबईचं राजभवन सोडलं आणि भावाच्या फुलपूर मतदारसंघात पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या. राज्यपालपद म्हणजे आराम, ते सोडून ६४ व्या वर्षी गावोगाव धूळ खात फिरायचं. निवडून आल्या, १९६७ ला पुन्हा आल्या, तेव्हा समोर जनेश्वर मिश्र होते. लोकसभेत स्वतःच्याच पक्षाच्या सरकारवर त्या बोलत, शास्त्रीजींच्या सरकारला निर्णय घेता येत नाहीत असं त्यांनी स्पष्ट सुनावलं होतं. भाचीच्या काळात त्यांना कुठलंच काम उरलं नाही आणि १९६८ मध्ये खासदारकी सोडून त्या डेहराडूनला जाऊन राहिल्या.

तिथे त्या शांतपणे राहू शकल्या असत्या. १९७५ ला आणीबाणी आली, त्यांची मुलगी नयनतारा सहगल उघड विरोधात, आणि १९७७ च्या फेब्रुवारीत निवडणूक जाहीर झाल्यावर ७६ वर्षांच्या विजयालक्ष्मीबाई घराबाहेर पडल्या आणि जगजीवनराम यांच्या लोकशाही काँग्रेसच्या बाजूने सभा घेत फिरल्या. भाचीच्या विरोधात. नैनीच्या एकाच बराकीत राहिलेली भाची. घरातल्या माणसाविरुद्ध जाहीरपणे बोलणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं, आपल्याकडे भावकीत साधा बांधाचा वाद असला तरी लोक गप्प बसणं पसंत करतात. जनता सरकार आल्यावर राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, पण नीलम संजीव रेड्डी बिनविरोध झाले. भारताला पहिली महिला राष्ट्रपती मिळायला मग २००७ उजाडलं, आणि त्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई.

म्हणून संपादक महोदय, माझं म्हणणं एवढंच की नेहरूंची बहीण म्हणून त्यांची ओळख देताना १९४५ आणि १९७७ ही दोन वर्षं तरी डोळ्यापुढे ठेवा. एकदा भाऊ तुरुंगात होता, एकदा भाची पंतप्रधान होती, आणि दोन्ही वेळा त्या एकट्याच उभ्या होत्या.

शेवटी एक मागणं आहे. आपलं वर्तमानपत्र तेव्हाही निघत होतं, त्यामुळे नोव्हेंबर १९६२ ते ऑक्टोबर १९६४ च्या फायली तुमच्या कचेरीत असणारच. राजभवनातले समारंभ, विद्यापीठांचे पदवीदान, जिल्ह्यांचे दौरे, संरक्षण निधीच्या सभा, जे काही त्या वेळी छापलं असेल ते शोधून एक पान काढा. त्या काळात ज्या मुली कॉलेजात होत्या त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्यातल्या कुणी त्यांच्या हातून पदवी घेतली असेल, कुणी एनसीसीच्या संचलनात त्यांना सलामी दिली असेल, त्यांना आवाहन करा, फोटो असतील तर मागवा, आणि हे लवकर करा, दोन पाच वर्षांनी सांगायला कुणी राहणार नाही. बांबुळीच्या लोकांकडे पंडित घराण्याबद्दल काही माहिती असेल तर तीही घ्या. मी स्वतः फायली चाळायला यायला तयार आहे, आठवड्यातून तीन दिवस सकाळी येऊ शकते, तसं कळवावं.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका